लाल रेघेच्या वर

क्योतो, ६ सप्टेंबर २०२३

तोरिगोए-सान,

पत्राची सुरुवात हवेने करायची असते, म्हणून करतो. क्योतोत अजून उकडतंय. झालं. आता कामाचं.

मी तेइजी कागेयामा. डोंगरावरच्या वैश्विक किरणांच्या वेधशाळेत १९८३ च्या उन्हाळ्यात आपण एका पाळीत होतो. तुम्ही विसरला असाल असं नाही, पण चाळीस वर्षांनी आलेल्या पत्रावर नाव नीट असलेलं बरं. तुमचा पत्ता जुन्या कर्मचाऱ्यांच्या यादीतून मिळाला. साडो बेटावर तुम्ही भावाची नासपतीची बाग बघता, असंही त्यात होतं. याद्या करणाऱ्यांना बराच वेळ असतो.

मी विद्यापीठातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. या वसंतात इथल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. त्यांना आपल्या वेधशाळेवर एक गेम करायचा आहे. मारामारी नाही, तलवारी नाहीत. डोंगर, बर्फ, एक लाकडी खोली आणि त्यात एक शास्त्रज्ञ. नाव ठेवलंय ‘शिखरावर एकटा’. मला सल्लागार नेमलंय. शहाण्णव साली टीव्हीवर माझ्यावर एक कार्यक्रम झाला होता, तो पाहून त्यांना हे सुचलं. तुम्ही तो पाहिला नसेल अशी आशा आहे.

गेममध्ये भौतिकशास्त्रज्ञ दोनच प्रकारचे असतात, हे मला या वयात कळलं. एक जग उडवायला निघालेला, आणि दुसरा नायकाच्या हातात किल्ली देऊन मरणारा. केस विंचरायला दोघांनाही वेळ नसतो. पहिल्या बैठकीत त्यांनी माझं चित्र दाखवलं. पांढरा कोट, पिंजारलेले केस, मागे समीकरणांनी भरलेला फळा. मी म्हटलं, आमच्याकडे फळा नव्हता, धुक्याने खडू ओला व्हायचा. आणि कोट मी जन्मात दोनदा घातला, दोन्ही वेळा फोटोग्राफरने आणलेला.

दिग्दर्शिका कुसाका नावाची चौतिशीतली बाई आहे. हुशार आहे, भीडभाड नाही. म्हणाली, “सर, कोट नसला तर खेळणाऱ्याला वाटेल, हा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस आहे.”

“तेच तर करायचो आम्ही,” मी म्हटलं. तिने ते वहीत लिहून घेतलं, पण कोट तसाच राहिला.

काम असं की त्यांना खोलीचा आतला फोटो हवाय. टेबल, कागदाच्या गुंडाळीवर पेन चालायचं ते यंत्र, शेगडी. माझ्याकडे सगळे फोटो बाहेरचे आहेत. तुमच्याकडे एक छोटा कॅमेरा असायचा. शिवाय तुम्हीही त्या उन्हाळ्यात तिथे होतात, तेव्हा गेमला तुमची हरकत नाही ना, हेही विचारून घ्यावं असं कंपनीचं म्हणणं आहे.

तब्येतीला जपा, वगैरे.

कागेयामा


क्योतो, २८ सप्टेंबर

तोरिगोए-सान,

हवा: दोन दिवसांपासून बरी आहे.

तुमचं कार्ड मिळालं. फोटो नाही, गेमला हरकत नाही, नासपती काढायला आली आहे. आणि शेवटी एक ओळ: ‘पावणेतीन वाजता खोलीत कोण आहे?’

तीन आठवडे मी खरंच कामात होतो. पूर्वी खोटं सांगताना मी लांबलचक लिहायचो, तेव्हा हे थोडक्यात लिहितोय याची नोंद घ्या.

गेमची गोष्ट मी लिहीत नाही. ती त्यांच्याकडचे लोक लिहितात. त्यांनी टीव्हीच्या कार्यक्रमावरून घेतलंय. ऑगस्टची दुपार, पावणेतीन. शास्त्रज्ञ खोलीत एकटा. पेन एकदम उडी मारतं. तो कागदाकडे बघतो, चष्मा काढतो, परत घालतो, दार ढकलून बाहेर पळत येतो, दोन्ही हात वर करतो आणि आकाशाकडे बघून ओरडतो, “सापडलं!” कोट वाऱ्यावर उडतो. मागून तंतुवाद्यं.

कोटावर मी त्या दिवशी पाऊण तास भांडलो. ऑगस्टमध्येसुद्धा तिथे सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी मासे पकडणाऱ्यांचं जाकीट, हे त्यांना पटवलं. रबरी बूट पटवले. तंतुवाद्यं कमी करायला लावली. ओरडणं राहिलं. कुसाका म्हणते, ओरडल्याशिवाय शोध लागला हे कळत नाही.

तुमच्या प्रश्नाचं मी बघतो.

कागेयामा


क्योतो, १५ ऑक्टोबर

तोरिगोए-सान,

तुमचं उत्तर आलं नाही, आणि का आलं नाही ते मला कळतं. तुम्ही एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी बूट आणि जाकीट यांच्यावर दीड पान लिहिलं.

मंगळवारी मला आवाजाच्या खोलीत बोलावलं होतं. कुसाकाची कल्पना अशी की ते “सापडलं!” माझ्याच आवाजात असावं. म्हाताऱ्याचा आवाज तरुण करायचं यंत्र आहे म्हणे त्यांच्याकडे. मी कानाला हेडफोन लावून काचेच्या पेटीत उभा राहिलो. पलीकडून कुसाकाने बोट वर केलं. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना.

“पाणी देऊ का, सर?”

“नको.”

“परत घेऊ.”

तीनदा घेतलं. चौथ्यांदा मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “मी ओरडलो नाही. मी तिथे नव्हतोच.”

ती पेटीत आली. दार लावलं. “म्हणजे?”

“पाळी दोघांची असायची. पाळीप्रमुख मी आणि तांत्रिक सहायक तोरिगोए-सान. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी गाडी घेऊन खाली गावात गेलो. साडेचारला परत आलो. तोवर सगळं झालं होतं.”

“पण सर, नोंदवहीत तुमचा शिक्का आहे. संग्रहालयात काचेखाली ठेवलीय ती, आम्ही चार हजार फोटो काढलेत तिचे!”

शिक्का तुम्ही मारलात हे तेव्हा सांगावं लागलं. पाळी सोडून जाणाऱ्याला आपले संचालक वाकुई सर दुसऱ्या दिवशी घरी पाठवायचे, मागच्याच वर्षी एकाला पाठवलं होतं. माझा नावाचा शिक्का, सहीच्या जागी मारायचा तो, टेबलाच्या खणात असायचा. पेन उडालं त्या वेळेची नोंद करायची तर दोन शिक्के हवेत. तुम्ही तुमचा मारला, मग खण उघडून माझा काढला आणि मारला. मला वाचवायला. प्रमुखाचा शिक्का वर, सहायकाचा खाली, आणि वरचं नाव ते शोध लावणाऱ्याचं, असं पुढे सगळ्यांनी धरलं.

कुसाकाने विचारलं, “मग त्यांनी नेमकं केलं काय? शोध म्हणजे काय होता?”

हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, कागदावर वरच्या बाजूला एक लाल रेघ असायची. पेन रेघेच्या वर गेलं की तो बिघाड समजायचा. वीज कडाडली असेल, जनरेटर अडखळला असेल. तेवढा तुकडा फाडून शेगडीजवळच्या खोक्यात टाकायचा आणि पुढे चालायचं, असा नियम. त्या दुपारी पठारावर मांडलेल्या, कण मोजणाऱ्या सगळ्या पेट्यांची पेनं एकदम रेघेच्या पार वर गेली. तोरिगोए-सान बाहेर गेल्या. आकाशात ढग नव्हता. जनरेटरचा आवाज सरळ होता. त्या परत आल्या आणि कागद फाडला नाही. एवढंच. पठारावर त्याआधी कुणी न पाहिलेला कणांचा वर्षाव त्या कागदावर होता. वेधशाळेचं नाव झालं ते त्या न फाडलेल्या कागदामुळे.

“आणि लेखात त्यांचं नाव?”

“शेवटी. तांत्रिक मदतीबद्दल आभार.”

तिने वही मिटली. मग म्हणाली, गेम नोव्हेंबरच्या शेवटी बंद होतो, म्हणजे त्यानंतर काही बदलता येत नाही. बदलायचं तर आताच. पण तुमच्या परवानगीशिवाय ती एक ओळही हलवणार नाही. “आणि सर, गावात कशाला गेला होतात?”

“काम होतं,” मी म्हटलं.

तर परवानगी मागतो आहे. खरं सांगू का?

कागेयामा


क्योतो, २६ ऑक्टोबर

तोरिगोए-सान,

तुमचं पत्र आलं. चार वाक्यं. ‘सांगू नका. शिक्का तुमच्या हाताने लागलेला नाही, माझ्या हाताने लागला आहे. सरकारी वहीत खोटी नोंद मी केली आहे. ते माझं आहे.’

मी ते पत्र दिवसभर खिशात घेऊन फिरलो. इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. मार्चमध्ये राजीनामा, निरोप समारंभ नको, स्टेशनवर कुणी येऊ नये. त्यानंतर तीन वर्षं नवीन वर्षाचं कार्ड पाठवलं, उत्तर नाही, मग मी थांबलो आणि मनात म्हटलं, बाई मनात धरून बसली. तुम्ही ‘हा शोध माझा’ म्हणायचं तर आधी ‘हा शिक्का खोटा’ म्हणावं लागलं असतं, आणि मग मी गेलोच असतो, तुम्हीही गेला असतात. हे मला एकदाही सुचलं नाही. समीकरणं सोडवणाऱ्या माणसाला हे सुचू नये! लाज वाटते.

बुधवारी सुमिएला सांगितलं. माझी बायको. आमचं लग्न त्याच वर्षी हिवाळ्यात झालं. ती शेंगा सोलत होती.

“मग होतात कुठे तुम्ही?”

“खाली. कॉफीच्या दुकानात.”

“कुणाबरोबर?”

“एकटा. तिथे एक काचेचं टेबल होतं, त्यात पडदा. वरून किडे उतरायचे आणि आपण खालून गोळ्या झाडायच्या.”

तिने शेंग खाली ठेवली. “अहो, चाळीस वर्षं मी धरून चालले होते की तुमचं आणि त्या बाईंचं काहीतरी होतं. दर ऑगस्टमध्ये तोंड पाडून बसता. टीव्हीवाले आले तेव्हा दोन दिवस जेवला नाहीत. मी एका शब्दाने विचारलं नाही. आणि तुम्ही किडे मारत होता?”

“हो.”

“किती मारले?”

“त्या दिवशी माझा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा झाला.”

“हे त्यांना लिहू नका,” सुमिए म्हणाली. “ऐकताय ना? माणसाने काहीतरी झाकून ठेवावं.”

तेव्हा हे असं आहे. आई आजारी नव्हती, गाडीचं काम नव्हतं, विद्यापीठात फोन करायचा नव्हता. तुम्हाला मी त्या दिवशी ‘फोन करून येतो’ म्हणालो होतो. मी आठवड्यातून दोनदा फोन करायला जायचो आणि तुम्ही कधी विचारलं नाही की दोन तासांचे फोन कुणाला. मी एकोणतीस वर्षांचा होतो, डॉक्टरेट झालेला, आणि त्या किड्यांच्या चौथ्या रांगेने मला झोप लागू देत नव्हती. आता गेमवाले मला मानाने खुर्ची देतात, चहा देतात आणि माझ्यावर गेम करतात. कुसाकाला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीवरून घसरायची बाकी होती.

साडेचारला मी परत आलो ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही टेबलाशी होतात. मी आधी नोंदवही पाहिली आणि माझा शिक्का पाहून म्हणालो, “वाचवलंत!” मग कागद पाहिला. आभार मानले ते शिक्क्याचे. कागदाचे आजपर्यंत मानलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाकुई सर वर आले, दोन शिक्के बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि तुम्ही मागे चहा घेऊन उभ्या होतात. मला तोंड उघडायला सात-आठ सेकंद मिळाले असतील. पुरेसे होते.

तुम्ही ‘सांगू नका’ म्हणताय ते मी ऐकलं, पण मला ते मान्य नाही. शिक्का तुम्ही मारलात तो माझ्यासाठी. खोटी नोंद त्या दुपारी तुमची होती. वाकुई सरांनी हात धरला त्या क्षणापासून ती माझी आहे.

तरी तुमच्या होकाराशिवाय मी काही करणार नाही. गेम बंद व्हायला पाच आठवडे आहेत.

कागेयामा


क्योतो, १४ नोव्हेंबर

तोरिगोए-सान,

‘सांगायचं तर सगळं सांगा. शिक्क्यासकट. अर्धं सांगणार असाल तर राहू द्या.’ या तीन वाक्यांबद्दल आभार. सोबतच्या नासपतींबद्दलही. सुमिए म्हणाली, रागावलेली माणसं अशी फळं पाठवत नाहीत. मी म्हटलं, तू तोरिगोए-सानना ओळखत नाहीस.

काय केलं ते क्रमाने सांगतो.

गुरुवारी संग्रहालयात गेलो. तिथला प्रमुख पंचेचाळिशीचा आहे, माझाच एके काळचा विद्यार्थी. मी लिहून नेलेलं निवेदन त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. “सर, आता या वयात कशाला? वाकुई सर गेले. कुणी विचारत नाहीये.”

“म्हणूनच. कुणी विचारल्यावर सांगितलं तर त्याला जबानी म्हणतात.”

“तोरिगोए-सानच्या नावाला बट्टा लागेल, सर. खोटा शिक्का म्हणजे—”

“खोट्या शिक्क्याबरोबर खरा शोधही जातोय त्यांच्या नावावर. त्यांनी दोन्ही मागितलेत.”

काचेखालचं कार्ड बदलणार आहेत. भौतिक परिषदेच्या मासिकात डिसेंबरच्या अंकात एक पान येईल. मी लिहिलंय, मीच सही केली आहे. त्यात कॉफीचं दुकान आहे. किडे आहेत. आकडा मात्र सुमिएने खोडायला लावला.

आता गेम. कुसाकाच्या माणसांनी दोन आठवडे घरं विसरून काम केलं. मला वाटलं होतं की ती म्हणेल, सगळं तयार आहे, आता कसं बदलू. ती म्हणाली, “सर, ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा चांगली आहे.”

“खरी आहे म्हणून?”

“नाही हो. तुम्ही हात वर करून पळत यायचात ना, तिथे सगळ्यांना कंटाळा यायचा.”

गेममध्ये एका वेळी एकच माणूस चालवता येतो, हे त्यांचं सुरुवातीपासूनचं म्हणणं होतं. आता तो माणूस तुम्ही आहात. नाव बदललं आहे: ‘लाल रेघ’. पांढरा कोट गेला.

शुक्रवारी मला तो भाग खेळायला बसवलं. चूक असेल तर सांगा म्हणाले. तुमचे हात दिसतात, टेबल दिसतं, पेनं चालताना दिसतात. बराच वेळ काही होत नाही. मग सगळी पेनं एकदम वर जातात, रेघ ओलांडतात. पडद्यावर दोन बटणं येतात. एकाने कागद फाडायचा, दुसऱ्याने उठून बाहेर जायचं.

मला उत्तर माहीत होतं. जगात ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. माझ्या अंगठ्याने फाडण्याचं बटण दाबलं.

गेम तसाच पुढे चालत राहिला. कागद खोक्यात गेला. पेनं रेघेच्या खाली आली. दुपार सरली. गाडीचा आवाज आला, आणि दारातून मी आत आलो, तरुण, मासे पकडायच्या जाकिटात. टोपी काढली. “काही विशेष?” मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “काही नाही.” आणि मग ज्यांनी ज्यांनी गेम केला त्यांची नावं वर सरकू लागली.

तोरिगोए-सान, मी तुम्हाला सगळं सांगितलं असं गेल्या पत्रात वाटलं होतं. एक राहिलं होतं. ती लाल रेघ मी मारली होती. नियम माझा होता. मे महिन्यात वाकुई सरांपुढे मीच मांडला, आकडेमोड करून, की याच्या वरचं काहीही आकाशातून येऊ शकत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी खोलीत असायला हवा होतो. मी तिथे नव्हतो, हीच माझी चूक, असं. मी असतो तर फाडला असता. तुम्ही ‘थांबा’ म्हणाला असतात, तरी प्रमुख मी होतो. मी गावात किडे मारत होतो म्हणून तो कागद उरला.

हे मासिकाच्या पानातही घातलं आहे. आजच सकाळी संपादकाला फोन करून एक परिच्छेद वाढवला.

कुसाका तुमच्या पत्त्यावर एक यंत्र आणि गेमची कच्ची प्रत पाठवते आहे. नको असेल तर तसंच परत करा. पण चूक असेल तर दोन आठवड्यांच्या आत कळवा.

कागेयामा


क्योतो, २९ नोव्हेंबर

तोरिगोए-सान,

हवा: पहिल्यांदाच दव गोठलं.

तुमची यादी मिळाली. भाचीने यंत्र लावून दिलं आणि तुम्ही तीनदा खेळलात, हे वाचून कुसाका ऑफिसभर पत्र दाखवत फिरली. यादी तिने भिंतीवर लावली आहे. तुमच्या क्रमानेच उत्तर देतो.

‘खिडकी डावीकडे होती.’ केली.

‘जनरेटर इतका मोठ्याने वाजत नसे.’ कमी केला.

‘कागेयामा टोपी घालत नसत.’ काढली. मला आठवत नव्हतं.

‘मी रडले नाही.’ ते एका चित्रकाराला फार आवडलं होतं, दोन थेंब होते. काढले.

‘वरचा शिक्का उलटा आहे. घाईत लागला.’ हे वाचून मी लगेच संग्रहालयात गेलो. काचेवर नाक टेकवून पाहिलं. उलटाच आहे. माझं आडनाव डोकं खाली करून बसलं आहे. ती वही किती लोकांनी पाहिली असेल, वाकुई सरांनी पाहिली, टीव्हीवाल्यांनी जवळून दाखवली, या लोकांनी चार हजार फोटो काढले. स्वतःचा शिक्का स्वतःच्या पाळीत कुणी उलटा मारत नाही. विचारणारा एकही निघाला नाही. मीही नाही. संग्रहालयाचा प्रमुख शेजारी उभा होता. तो म्हणाला, “सर, आपण सगळे भौतिकशास्त्रज्ञ आहोत ना?” दोघंही हसलो, पण फार नाही.

‘फाडल्यावर मी “काही नाही” म्हणते, ते बरोबर आहे.’ ठेवलं.

आणि शेवटचं: ‘मी कागद घेऊन बाहेर धावले नाही. आकाश पाहिलं, जनरेटर पाहिला, परत आले. भूक लागली होती. डबा खाल्ला. मग कागद पुन्हा पाहिला.’

यावर भांडण झालं. कुसाका म्हणाली, गेमच्या सगळ्यात मोठ्या क्षणी बाई डबा खाते? मी म्हटलं, तोरिगोए-सान म्हणतात खाल्ला, तर खाल्ला. “किती वेळ?” तिने विचारलं. मी म्हटलं, दोन भाताचे गोळे, लोणचं, चार मिनिटं. “सर, चार मिनिटं पडद्यावर काही होत नसेल तर लोक पुढे ढकलायचं बटण दाबतात. सवय असते.” मी म्हटलं, मग दाबू देत. तिने बटण ठेवलं आणि डबा घातला.

काल शेवटची चाचणी होती. गेमशी काही संबंध नसलेली पाच माणसं बाहेरून आणून खेळायला बसवतात, आणि आपण मागे उभं राहून बघायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. एक कॉलेजची मुलगी, एक टॅक्सीवाला, एक दाताचा डॉक्टर, एक नवराबायको. तिघांनी कागद ठेवला, दोघांनी आधी फाडला आणि मग मागे जाऊन पुन्हा खेळले. पाचही जण तुमच्याबरोबर बाहेर गेले, आकाश पाहिलं, आत आले. तुम्ही डबा उघडलात. खिडकीतून डावीकडून ऊन येत होतं. कागद टेबलावर होता, पेनं पुन्हा खाली चालत होती, आणि तुम्ही भात खात होतात. बटण कोपऱ्यात दिसत होतं.

कुसाका माझ्या शेजारी घड्याळ धरून उभी होती. एक मिनिट झालं. दोन. टॅक्सीवाल्याने कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. चार मिनिटं झाली. पाचांपैकी एकानेही बटण दाबलं नाही.

कागेयामा